दहा हजार श्रोत्यांकडून नेमके काय मागायचे?

वाचकाचा प्रश्न

एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागात काम करणाऱ्या आणि गाण्याच्या आवडीतून एका हौशी सांस्कृतिक संस्थेत रमलेल्या वाचक भगिनींचे हे पत्र आहे. त्यांच्या संस्थेने पुढील वर्षी हवामान बदलाच्या कामासाठी निधी उभारण्याकरिता खुल्या मैदानावर दहा हजार श्रोत्यांचा संगीत कार्यक्रम करायचे ठरवले असून मुख्य संयोजनाची जबाबदारी त्यांच्याकडे आली आहे. जनरेटर, झगमगते दिवे, विमानाने येणारे कलाकार आणि हजारो गाड्या यांच्या जोरावर पृथ्वी वाचवण्याची भाषा करणे हा ढोंगीपणा आहे, त्यापेक्षा घरातले दिवे वेळेवर बंद करावेत, असे त्यांच्या थोरल्या भावाचे म्हणणे आहे. संस्थेतील एक सहकारी याच्या अगदी उलट सांगतात: घरगुती सवयींनी काहीही साधत नाही, मोठा आवाज उठला तरच बदल होतो. त्यातच इंधनविक्री करणाऱ्या एका कंपनीने प्रायोजकत्व देऊ केले आहे आणि त्यावरून समितीत दोन तट पडले आहेत. या भगिनी स्वतः कचरा वेगळा करतात, कापडी पिशवी वापरतात, घरात एलईडी दिवे लावून झाले आहेत. परंतु नोकरीच्या कामासाठी त्यांना विमानप्रवास करावा लागतो आणि त्यामुळे रंगमंचावरून इतरांना काही सांगण्याचा अधिकार आपल्याला आहे का, ही टोचणी त्यांना लागून राहिली आहे. त्या विचारतात, की संयोजन स्वीकारावे की सोडावे, आणि रोजच्या छोट्या कृतींना खरोखर काही अर्थ असतो का.

उत्तर

प्रिय वाचक भगिनी,

तुमचे बंधू आणि तुमचे सहकारी परस्परविरोधी बोलत आहेत असे तुम्हाला वाटते, आणि त्यांच्यापैकी कोण बरोबर हे ठरवताना तुमची ओढाताण होते आहे. मला मात्र दोघांच्या बोलण्याखाली एकच गृहीतक दिसते. तुमचे बंधू कार्यक्रमाचा धूर मोजतात, सहकारी त्याचा आवाज मोजतात. म्हणजे दोघेही त्या एका संध्याकाळीच थांबतात. कार्यक्रम संपल्यावर दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या महिन्यात कोण काय करणार आहे, हा प्रश्न दोघांपैकी कोणीही विचारलेला नाही, आणि क्षमा करा, तो तुमच्या पत्रातही कुठे आढळला नाही. संयोजन स्वीकारायचे की नाही याचे उत्तर मला वाटते त्याच प्रश्नात आहे.

मदतनिधीसाठी मोठा संगीत कार्यक्रम करण्याची जी रीत आज आपल्याला परिचित आहे, ती कुठून आली हे पाहिले तर अडचण लवकर ध्यानात येते. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंडित रविशंकर आणि 'बीटल्स' वाद्यवृंदातील जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशातील निर्वासितांसाठी कार्यक्रम केला. त्या दिवसाच्या दोन प्रयोगांतून जमलेले सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफकडे गेले. पुढे १३ जुलै १९८५ रोजी इथिओपियातील दुष्काळासाठी लंडन आणि फिलाडेल्फिया येथे एकाच दिवशी झालेला 'लाइव्ह एड' हा कार्यक्रम दूरचित्रवाणीवरून जगभर पाहिला गेला. या दोन्ही प्रसंगी संकट समोर होते, पीडित माणसे डोळ्यांना दिसत होती, आणि मुख्य म्हणजे जमलेल्या पैशाचे धान्यात, औषधांत आणि तंबूंत रूपांतर करता येत होते. मदत पोहोचवण्यात पुष्कळ अडथळे आले हे खरे, परंतु पैसा कशासाठी हवा आहे याविषयी कोणाच्या मनात संदेह नव्हता.

हवामान बदलाचे संकट या साच्यात सहज बसत नाही, आणि ७ जुलै २००७ रोजी झालेल्या 'लाइव्ह अर्थ'मध्ये हे स्पष्टपणे दिसून आले. अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांच्या पुढाकाराने सिडनी, टोकियो, शांघाय, जोहान्सबर्ग, हॅम्बुर्ग, लंडन, रिओ दी जानेरो आणि न्यूयॉर्कजवळील न्यू जर्सी अशा ठिकाणी एकाच दिवशी कार्यक्रम झाले. अंटार्क्टिकातील रोथेरा या ब्रिटिश संशोधन केंद्रावर तिथल्याच शास्त्रज्ञांच्या वाद्यवृंदाने गाणी वाजवली, त्यामुळे सातही खंडांचा सहभाग पूर्ण झाला. कल्पना भव्य होती आणि तिच्यामागची कळकळ खरी होती. तरीही 'लाइव्ह एड'चे एक प्रमुख संयोजक बॉब गेल्डॉफ यांनी आधीच जाहीर शंका घेतली होती, की हरितगृह वायूंचा धोका लोकांना आता ठाऊक आहे. रंगमंचावरून सरकारांचे किंवा मोठ्या कंपन्यांचे ठोस निर्णय जाहीर होणार नसतील, तर कार्यक्रमाचे प्रयोजन काय? श्रोत्यांना सात कलमी प्रतिज्ञा घेण्यास सांगण्यात आले होते आणि तिचे पहिले कलम असे होते, की माझ्या देशाने दोन वर्षांच्या आत उत्सर्जनात मोठी कपात करणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारात सामील व्हावे अशी मी मागणी करीन. दोन वर्षांनी, डिसेंबर २००९ मध्ये कोपनहेगनला संयुक्त राष्ट्रांची हवामान परिषद भरली आणि बंधनकारक करार न होताच संपली. हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण २००७ मध्ये दर दशलक्ष भागांत सुमारे ३८४ भाग होते, ते २०२४ मध्ये ४२० च्या पुढे गेले.

याचा दोष एका दिवसाच्या गाण्यांवर टाकणे अन्यायाचे होईल, आणि मी तो टाकत नाही. मला त्यातून एवढेच दाखवायचे आहे, की मागणी योग्य असूनही ती कोणाकडे, कोणत्या तारखेला, कोणी घेऊन जायची याची व्यवस्था नसेल, तर ती मैदानातच राहते. दुष्काळात लागते ते धान्य. तुमच्या कार्यक्रमात त्या धान्याच्या जागी काय आहे, हे समितीने अजून ठरवलेले दिसत नाही. 'हवामान बदलाच्या कामासाठी निधी' हे शब्द इतके व्यापक आहेत, की त्यांत काहीही बसू शकते, आणि ज्यात काहीही बसते त्याचा पाठपुरावा करता येत नाही.

माझ्या मते तुमच्यापुढे तीन वाटा आहेत आणि त्यांतली एकच निवडावी. पहिली वाट शुद्ध निधीची: एखाद्या ठरावीक कामासाठी, उदाहरणार्थ एखाद्या सार्वजनिक रुग्णालयाच्या किंवा शाळेच्या छतावर सौर यंत्रणा बसवण्यासाठी पैसा उभा करायचा, आणि तिची क्षमता, खर्च व देखभाल कोण करणार हे तिकीटविक्री सुरू होण्याआधी जाहीर करायचे. दुसरी वाट निर्णयाची: ज्याच्या हाती अधिकार आहे अशा एका संस्थेकडे एकच निर्णय मागायचा, जसे की रात्री उशिरापर्यंत सार्वजनिक बससेवा चालू ठेवणे किंवा सार्वजनिक इमारतींसाठी नवीकरणीय वीज घेणे, आणि दहा हजार सह्यांचे निवेदन घेऊन कोण कधी जाणार हे ठरवायचे. तिसरी वाट माणसे जोडण्याची: आलेल्या श्रोत्यांपैकी काहीशे जणांना पुढे वर्षभर चालणाऱ्या कामात नावनिशी नोंदवून घ्यायचे. मला स्वतःला दुसरी वाट सर्वांत मोलाची वाटते, कारण एका निर्णयाने लाखो माणसांच्या रोजच्या सवयी एकदम सोप्या होतात. परंतु तुमच्या संस्थेजवळ पाठपुरावा करणारी माणसे नसतील, तर पहिली वाट अधिक प्रामाणिक ठरेल. २०१२ पासून न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये होणाऱ्या 'ग्लोबल सिटिझन' महोत्सवाने बहुतेक तिकिटांसाठी पैशांऐवजी कृती मागितली: याचिकेवर सही करा, नेत्यांना पत्र लिहा, मग तिकीट मिळवा. या पद्धतीच्या परिणामांविषयी मतभेद असू शकतात, पण श्रोत्याने दारातून आत येण्यापूर्वीच काहीतरी केलेले असते, ही गोष्ट उचलण्यासारखी आहे.

निधीचीच वाट निवडलीत, तर १९७१ च्या कार्यक्रमाचा आणखी एक धडा तुमच्या हिशेबी नजरेला पटेल. त्या कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रिकेतून आणि चित्रपटातून मोठी रक्कम जमली, परंतु धर्मादाय कामाची कायदेशीर व्यवस्था आधी केलेली नसल्यामुळे करविषयक वादात ती वर्षानुवर्षे अडकून पडली. निधी कोणत्या नोंदणीकृत संस्थेकडे जाणार, खर्च वजा जाता किती उरणार, हिशेब कोण तपासणार आणि तो श्रोत्यांना कधी दाखवणार, हे लेखी ठरेपर्यंत एकही तिकीट विकू नये. समितीत हे काम करू शकणारी व्यक्ती कदाचित तुम्हीच आहात.

आता तुमच्या बंधूंच्या आक्षेपाकडे येते. तो कडू असला तरी बिनबुडाचा नाही, आणि तो खोडून काढण्यापेक्षा आकड्यांत मांडून पाहिलेला बरा. उदाहरणादाखल असे धरा, की श्रोत्यांच्या तीन हजार गाड्या आल्या आणि प्रत्येक गाडी येऊन-जाऊन चाळीस किलोमीटर धावली. लिटरला पंधरा किलोमीटर हे सरासरी प्रमाण धरले तर आठ हजार लिटर पेट्रोल जळेल, आणि एक लिटर पेट्रोल जळताना सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे एकूण १८ टनांहून अधिक. रंगमंचासाठी जनरेटरमध्ये दीड हजार लिटर डिझेल जाळले असे मानले, तर लिटरला सुमारे २.७ किलो या हिशेबाने ते चार टन होते. आकडे कल्पित आहेत, तुमचे वेगळे येतील. परंतु त्यांचा कल बहुधा असाच राहील, कारण मोठ्या संगीत कार्यक्रमांच्या आजवरच्या अभ्यासांत श्रोत्यांचा प्रवास हाच सहसा उत्सर्जनाचा सर्वांत मोठा भाग असल्याचे आढळले आहे. बंधूंच्या नजरेत जनरेटर आणि दिवे भरतात, कारण ते रंगमंचावर दिसतात. खरा भार मात्र मैदानाबाहेरच्या वाहनतळावर असतो.

त्यामुळे कार्यक्रम कुठे आणि किती वाजता करायचा, हा तुमचा सर्वांत महत्त्वाचा पर्यावरणीय निर्णय आहे. रेल्वे किंवा बसच्या थांब्यापासून चालत जाता येईल असे मैदान निवडावे, शेवटची बस सुटण्यापूर्वी कार्यक्रम संपेल अशी वेळ ठेवावी, आणि तिकिटातच प्रवासाचे भाडे धरता येते का हे वाहतूक संस्थेशी बोलून पाहावे. ऑगस्ट २०२४ मध्ये 'मॅसिव्ह अटॅक' या ब्रिटिश वाद्यवृंदाने आपल्या ब्रिस्टॉल शहरात खुल्या मैदानावर केलेला कार्यक्रम या बाबतीत अभ्यासण्यासारखा आहे. मँचेस्टरच्या टिंडाल केंद्रातील हवामान शास्त्रज्ञांकडून त्यांनी आधी आराखडा करून घेतला होता. रंगमंचाची वीज बॅटरीवर चालवली, जवळपास राहणाऱ्यांना तिकिटे आधी दिली, रेल्वेने येणाऱ्यांना प्रोत्साहन दिले आणि खाद्यपदार्थ संपूर्ण वनस्पतिजन्य ठेवले. 'कोल्डप्ले' या वाद्यवृंदानेही २०१९ मध्ये पर्यावरणाच्या कारणास्तव दौरे थांबवून २०२२ मध्ये नव्या पद्धतीने दौरा सुरू केला, आणि मागील दौऱ्याच्या तुलनेत प्रत्येक कार्यक्रमामागे प्रत्यक्ष उत्सर्जन ५९ टक्क्यांनी घटल्याचे २०२४ मध्ये जाहीर केले. इथे 'प्रत्यक्ष' या शब्दाकडे लक्ष असू द्या, त्याचा अर्थ दौरा चालवणाऱ्यांच्या स्वतःच्या कामातून होणारे उत्सर्जन. असा आकडा सांगताना त्यात श्रोत्यांचा प्रवास धरला आहे की नाही, हे कोणत्याही संयोजकाने स्पष्ट करावे.

तुमच्याजवळ अशा नामवंतांची साधने नाहीत, हे मला समजते. परंतु जवळचे कलाकार बोलावणे, जनरेटरऐवजी मैदानाला तात्पुरती वीजजोडणी घेणे, दिवसाउजेडी कार्यक्रम सुरू करून प्रकाशयोजना आटोपशीर ठेवणे यासाठी साधनांपेक्षा आधीपासूनची आखणी लागते. जे उत्सर्जन टाळता आले नाही ते झाडे लावून फेडल्याचे मात्र जाहीर करू नका. रोप मोठे होण्यास दशके लागतात, मधल्या काळात ते जगेल याची हमी नसते, आणि त्या संध्याकाळचा धूर तर त्याच संध्याकाळी हवेत गेलेला असतो. झाडे अवश्य लावा, पण त्यांना पावतीचे रूप देऊ नका. कार्यक्रमानंतर महिन्याभरात खरा आकडा, तो न आवडणारा असला तरी, सर्वांसमोर ठेवा. तुमच्या बंधूंच्या आक्षेपाला याहून चांगले उत्तर मला सुचत नाही.

प्रायोजकत्वाविषयी मी अधिक कठोर आहे. इंधनविक्री करणाऱ्या कंपनीचे नाव हवामान बदलाविरुद्धच्या कार्यक्रमाच्या पडद्यावर येऊ देऊ नये. पैसा कुठूनही आला तरी काम चांगलेच होईल, हा युक्तिवाद समितीत होत असणार, आणि तो करणारी माणसे वाईट नाहीत. त्यांना मैदानाचे भाडे आणि ध्वनियंत्रणेचा खर्च दिसतो आहे. परंतु प्रायोजक काही विकत घेत असतो, आणि इथे विकला जाणार आहे तो तुमच्या संस्थेवरचा लोकांचा विश्वास. पुढे तुम्ही एखादा निर्णय मागायला गेलात आणि तो त्या कंपनीच्या व्यवसायाला अडचणीचा असला, तर तुमचा आवाज आपोआप मवाळ होईल. कोणी तसे सांगण्याचीही गरज पडणार नाही. पैसे कमी पडत असतील तर दहा हजारांऐवजी तीन हजार श्रोत्यांचा कार्यक्रम करा. लहान कार्यक्रमात वाहने कमी येतील, सह्या घेणाऱ्या स्वयंसेवकांना माणसाशी दोन शब्द बोलता येतील, आणि कर्जही होणार नाही.

रोजच्या कृतींना अर्थ आहे का, या तुमच्या दुसऱ्या प्रश्नात मला थोडा बदल करावासा वाटतो. सर्व कृती एकाच मापाच्या आहेत असे धरून तुम्ही विचारता, आणि तिथेच गफलत होते. सेथ वाइन्स आणि किंबर्ली निकोलस या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विकसित देशांतील जीवनमान धरून वेगवेगळ्या व्यक्तिगत कृतींची तुलना केली आहे. त्यांच्या मांडणीनुसार मोटारीशिवाय राहणे, विमानप्रवास टाळणे आणि वनस्पतिजन्य आहार घेणे या मोठ्या परिणामाच्या कृती ठरतात. त्या मानाने कचऱ्याचे पुनर्चक्रीकरण वनस्पतिजन्य आहाराच्या सुमारे एक चतुर्थांश आणि घरातले दिवे बदलणे सुमारे एक अष्टमांश इतकेच परिणामकारक आहे. अटलांटिक महासागरापलीकडील एका विमानप्रवासाचे, जाऊन-येऊन, उत्सर्जन त्यांनी सुमारे १.६ टन धरले आहे. तुम्ही ज्या तीन गोष्टी निष्ठेने करता, त्यांपैकी दोन या यादीत खालच्या बाजूला आहेत. त्या सोडा असे मी मुळीच म्हणणार नाही, एलईडी दिवा जुन्या तारेच्या दिव्यापेक्षा सुमारे तीन चतुर्थांश वीज वाचवतो आणि एकदा बसवला की त्याच्याकडे बघावे लागत नाही. पण तुमची शक्ती आणि तुमची काळजी आता प्रवास, अन्न आणि विजेच्या मोठ्या वापराकडे वळायला हवी. अन्नाची नासाडी हा त्यातला फारसा न बोलला जाणारा भाग आहे: वाया जाणाऱ्या अन्नाचा जागतिक हरितगृह वायूंमधील वाटा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने ८ ते १० टक्के सांगितला आहे. तुमच्या कार्यक्रमातील खाद्यपदार्थांच्या व्यवस्थेलाही हे लागू पडते.

यापुढे जाऊन एक गोष्ट सांगते, जी मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते. तुम्ही हिशेब विभागात आहात. तुमच्या कंपनीतील प्रत्येक प्रवासाचे देयक तुमच्याच विभागातून मंजूर होत असेल. ज्या विमानप्रवासामुळे तुम्हाला अपराधी वाटते, तो तुम्ही हौसेने केलेला नाही, कंपनीच्या पद्धतीमुळे केला आहे. आणि ती पद्धत बदलण्याच्या जागेच्या तुम्ही बऱ्याच जवळ आहात. ठरावीक अंतरापर्यंत रेल्वेने जावे, ज्या बैठका दूरदृश्य पद्धतीने होऊ शकतात त्यांसाठी प्रवास मंजूर करू नये, आणि वर्षाअखेर कंपनीच्या एकूण हवाई प्रवासाचे किलोमीटर खर्चाच्या आकड्यासोबत दाखवावेत, असा एक पानी प्रस्ताव तुम्ही मांडू शकता, आणि त्यात पैशाची बचतही होत असल्यामुळे तो ऐकला जाण्याची शक्यता बरीच आहे. हा प्रस्ताव मान्य झाला तर तुमच्या एकटीच्या जन्मभराच्या कापडी पिशव्यांपेक्षा त्याचा परिणाम कितीतरी मोठा होईल. बहुतेक वाचकांच्या हाती नोकरीत, गृहसंस्थेत, शाळेच्या पालकसभेत किंवा एखाद्या विश्वस्त मंडळात असा एखादा लहानसा अधिकार असतो, आणि घरातल्या दिव्याच्या बटणाइतके आपण त्याच्याकडे लक्ष देत नाही.

व्यक्ती की व्यवस्था, असा जो वाद तुमचे बंधू आणि सहकारी घालत आहेत, तोही इथे सैल पडतो. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक आंतरशासकीय मंडळाने (आयपीसीसी) २०२२ च्या अहवालात म्हटले आहे, की मागणीच्या बाजूचे बदल, म्हणजे आपण कसे फिरतो, खातो, राहतो यांतले बदल, २०५० पर्यंत संबंधित क्षेत्रांतील उत्सर्जन ४० ते ७० टक्क्यांनी कमी करू शकतात. हा आकडा मोठा आहे. पण तो केवळ मनोनिग्रहाने गाठता येईल असे तो अहवाल म्हणत नाही, त्यासाठी पायाभूत सोयी, धोरणे आणि तंत्रज्ञान लागेल असेच सांगतो. बसच नसेल तर बसने जाण्याचा निर्धार किती दिवस टिकणार? आणि बस मागणारी माणसेच नसतील तर ती सुरू तरी कोण करणार?

राहिला प्रश्न तुमच्या अधिकाराचा. निष्कलंक माणसानेच बोलावे, हे तुम्ही गृहीत धरले आहे, आणि या गृहीतकामुळे आजवर कितीतरी प्रामाणिक माणसे गप्प बसली आहेत याचे मला फार वाईट वाटते. बीपी या तेल कंपनीने २००४ च्या सुमारास व्यक्तीला स्वतःचे कार्बन उत्सर्जन मोजता यावे म्हणून एक गणनयंत्र लोकांपुढे आणले आणि त्याची मोठी जाहिरात केली. मोजणे उपयोगाचे आहे, मीही वर मोजलेच. पण एका तेल कंपनीला सामान्य माणसाने स्वतःकडे बोट दाखवत राहणे सोयीचे का वाटले असेल, याचा विचार तुम्ही अवश्य करा. तुमचा विमानप्रवास लपवू नका आणि त्याचे प्रायश्चित्तही मागत बसू नका. रंगमंचावर बोलायची वेळ आली तर, 'माझ्या नोकरीत विमानप्रवास आहे, तो कमी करण्यासाठी मी कार्यालयात असा प्रस्ताव दिला आहे, तुम्हीही तुमच्या कार्यालयात द्या आणि त्याचा नमुना दाराशी ठेवला आहे', असे बोला. उपदेशापेक्षा हे लोकांच्या अधिक कामी येईल.

श्रोत्यांना फक्त जागरूक करायचे आहे, असे समितीत कोणी म्हणाले तर २०२४ मध्ये 'नेचर क्लायमेट चेंज' या शोधपत्रिकेत आलेल्या एका सर्वेक्षणाकडे बोट दाखवा. १२५ देशांतील सुमारे १ लाख ३० हजार लोकांना विचारलेल्या प्रश्नांत ६९ टक्के लोकांनी उत्पन्नाचा एक टक्का दरमहा या कामासाठी देण्याची तयारी दर्शवली आणि ८९ टक्क्यांना आपल्या सरकारने अधिक करावे असे वाटत होते. त्याच वेळी, इतर लोक इतके तयार असतील असे मात्र त्यांना वाटत नव्हते; दुसऱ्यांची तयारी ते सातत्याने कमी लेखत होते. मोठ्या कार्यक्रमाच्या बाजूने माझ्या मनात जे बळ आहे ते याच निष्कर्षामुळे. घरात दिवा बंद करणारा माणूस एकटा असतो आणि आपण एकटेच वेडे आहोत असे त्याला वाटू लागते. मैदानावर त्याला आपल्यासारखी हजारो माणसे प्रत्यक्ष दिसतात. तुमच्या सहकाऱ्यांना मोठा आवाज हवा आहे तो बहुधा यासाठीच, फक्त ते तसे म्हणत नाहीत. गाणी सुरू असताना दोन-चार मिनिटे थांबून, कोण बसने आले, कोणी आपल्या कार्यालयात काही मागितले, असे विचारून हात वर करायला सांगा. लोकांना एकमेकांकडे पाहू द्या आणि त्याच क्षणी सह्यांची पाने फिरवा.

तेव्हा संयोजन स्वीकारा, पण अटींवर. पुढच्या बैठकीत तीन गोष्टी लेखी ठेवा: कार्यक्रमातून मागायचा एकच निर्णय किंवा एकच निधी, इंधन कंपनीला नकार, आणि कार्यक्रमानंतर सहा महिने पाठपुरावा करणाऱ्या किमान चार माणसांची नावे, त्यांच्या कामासाठी बाजूला काढलेल्या खर्चासह. शेवटच्या अटीवर सर्वाधिक आग्रह धरा, कारण अशा उपक्रमांत सगळी शक्ती त्या एका दिवसावर उधळली जाते आणि नंतर निवेदन घेऊन जायला कोणी उरत नाही. तुमच्या बंधूंनाही बोलवा. त्यांना आक्षेप घेण्याइतकी आस्था आहे, तर श्रोत्यांच्या प्रवासाचा अंदाज बांधण्याचे आणि नंतर खरा आकडा तपासण्याचे काम त्यांना द्या. ते तो आकडा कमी दाखवणार नाहीत, हीच त्यांची मोठी पात्रता आहे.

समितीने महिन्याभरात या तीनही गोष्टी मान्य केल्या नाहीत, तर कोणाशीही न भांडता जबाबदारीतून मुक्त व्हा आणि हवे तर केवळ गायला जा. जो वेळ वाचेल तो कार्यालयातील प्रवासाच्या प्रस्तावाला द्या. त्यासाठी गेल्या वर्षाची प्रवासाची देयके काढून, कोणत्या मार्गांवर विमानाऐवजी रेल्वे शक्य होती याचा तक्ता करण्यापासून सुरुवात करता येईल.